प्रेपचं ॲप निवडण्याआधी खाडा का पडतो ते विचारा

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मदतगटात प्रेप, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायच्या गोळ्या, घेणारे चाळीसेक जण आहेत. दोन महिन्यांत निम्म्यांच्या गोळ्यांना खाडे पडू लागले, म्हणून सगळ्यांच्या फोनवर आठवण करून देणारं एकच ॲप टाकायचा विचार आहे, तर कोणतं घ्यावं? मी सहा वर्षं प्रेप घेतोय आणि त्यातली चार वर्षं नव्याने सुरू करणाऱ्यांशी फोनवर बोलायचं काम करतोय. माझं म्हणणं एवढंच, की ॲप ठरवण्याआधी त्या वीस जणांशी एकेकट्याने बोला आणि गोळी कशामुळे राहते ते विचारा.

पहिलं उत्तर "विसरलो" असंच येईल, कारण ते द्यायला सोपं असतं. थोडं बोलत राहिलं की बाकीचं बाहेर येतं. एकाच्या खोलीत भाऊ झोपायचा, डबी वाजेल म्हणून तो गोळीला हातच लावायचा नाही. एकीला सुरुवातीला मळमळ झाली. असा त्रास बऱ्याच जणांना होतो आणि बहुतेकदा काही आठवड्यांत थांबतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. एकाचं नातं तुटलं होतं आणि आता ही गोळी कशाला, असं त्याला वाटत होतं. रात्री नऊचा गजर या तिघांच्याही फोनवर रोज वाजत होता.

यावर अभ्यास झालेले आहेत. केनियात एचआयव्हीवर उपचार घेणाऱ्यांना दर आठवड्याला दवाखान्यातून एक एसएमएस जायचा: "मांबो?", म्हणजे कसं काय? ठीक असेल तर "सावा" आणि अडचण असेल तर "शिदा" असं दोन दिवसांत कळवायचं. अडचण कळवणाऱ्याला आणि उत्तर न देणाऱ्याला परिचारिका फोन करायची. २०१० साली निकाल आले. नीट गोळ्या घेणाऱ्यांचं प्रमाण एसएमएसवाल्यांत ६२ टक्के होतं आणि इतरांत ५० टक्के. त्या एसएमएसमध्ये गोळीचा उल्लेखही नव्हता. उलट केनियातच प्रेप घेणाऱ्या तरुण स्त्रियांना नुसत्या आठवणीचे एसएमएस पाठवून पाहिले, तेव्हा २०२१ साली आलेल्या निष्कर्षांत गोळ्या घेण्यात फरक दिसला नाही. शिकागोत तरुणांसाठी दोन्ही बाजूंनी बोलता येईल अशी सोय केली होती, दर आठवड्याला विचारपूस आणि उत्तर द्यायला माणूस. तिथे रक्तातल्या औषधावरून आठवड्याला किमान चार गोळ्या घेतल्याचं ७२ टक्के तपासण्यांत दिसलं, ती सोय नसलेल्यांच्या बाबतीत ५७ टक्के. म्हणून कुठलंही ॲप पाहताना माझा पहिला प्रश्न असतो: "अडचण आहे" असं दाबलं तर पलीकडे कोण बघतं, आणि किती वेळात?

आता गोळी घेतली की ॲपमध्ये करायच्या हिरव्या खुणांबद्दल. तुमच्याकडे टक्केवारी दाखवणारं ॲप आलं की त्या आकड्यावर विसंबावंसं वाटेल. सावध राहा. आफ्रिकेतल्या तीन देशांत स्त्रियांवर झालेल्या, प्रेप तपासणाऱ्या व्हॉइस चाचणीत गोळ्या घेतल्याचं प्रमाण त्यांच्या सांगण्यावरून ९० टक्क्यांच्या आसपास होतं, पण रक्तात औषध सापडलं ते तपासलेल्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून कमी. त्या स्त्रियांना मी खोटं बोलणाऱ्या म्हणणार नाही. कुणी नाराज होऊ नये म्हणून माणूस बरं तेच सांगतो. मी स्वतः पहिल्या वर्षी शनिवारी बसून आठवडाभराच्या खुणा एकदम केल्या आहेत, कारण लाल चौकट दिसली की समुपदेशकासमोर मान खाली घालावी लागेल असं वाटायचं. लाल खूण केल्यावर ॲप रागावणार असेल, किंवा ४० दिवसांची सलग मोजणी एका खाड्याने शून्यावर आणणार असेल, तर लोक खुणा खोट्या करतील किंवा ॲप काढून टाकतील. खरंच राहिलेली गोळी न घाबरता कळवता यावी, हा माझ्या लेखी ॲपचा सगळ्यात मोठा गुण.

शून्याची ती मोजणी वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचं शिकवते. प्रेपच्याच आयप्रेक्स नावाच्या चाचणीतल्या रक्ताच्या नमुन्यांवरून जो अंदाज निघाला, त्यात पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना आठवड्याला सात गोळ्यांनी ९९ टक्के, चार गोळ्यांनी ९६ टक्के आणि दोन गोळ्यांनी ७६ टक्के संरक्षण मिळत होतं. म्हणजे एका खाड्याने सगळं वाया जात नाही. योनीच्या पेशींत मात्र हे औषध कमी साठतं, म्हणून स्त्रियांनी अशी सूट धरून चालू नये. राहिलेली गोळी आठवेल तेव्हा घ्यावी, दोन दिवसांची एकदम घेऊ नये. बरेच दिवस खंड पडला असेल तर पुन्हा सुरू करण्याआधी एचआयव्ही तपासणी हवीच. मधल्या काळात लागण झाली असेल तर प्रेपच्या गोळीतल्या दोन औषधांनी ती आटोक्यात येत नाही, आणि विषाणू त्यांना दाद न देणारा होऊ शकतो.

गटातले काही पुरुष २-१-१ पद्धतीने घेत असतील: संबंधाआधी २ ते २४ तासांत दोन गोळ्या, त्या पहिल्या डोसनंतर २४ तासांनी एक आणि ४८ तासांनी एक. रोजच्या गोळीसाठी बनवलेलं ॲप त्यांच्या मधल्या मोकळ्या दिवसांना खाडे म्हणतं आणि माणूस गोंधळतो. त्यांना पहिल्या डोसपासून तास मोजणारं काहीतरी हवं. ही पद्धत स्त्रियांसाठी नाही, आणि हिपॅटायटिस बी असलेल्यांसाठीही नाही, हे ॲपने सुरुवातीलाच विचारायला हवं.

गुप्ततेवर मला जास्त लिहायचंय, कारण तिथे झालेली चूक परत फिरवता येत नाही. माझ्या पहिल्या ॲपने बंद पडद्यावर औषधाचं पूर्ण नाव दाखवलं, तेव्हा फोन टेबलावर चार लोकांसमोर होता. त्या संध्याकाळचे प्रश्न मला अजून आठवतात. म्हणून आठवणीचा मजकूर स्वतःला लिहिता यायला हवा. "झाडांना पाणी" एवढंही पुरतं. ॲपचं चिन्ह आणि नाव साधं असावं, उघडायला वेगळा पिन असावा. फोन घरात दोघातिघांत फिरत असेल तर ॲप टाकूच नका. आत साठवलेलं कुठे जातं हेही तपासा. ग्राइंडर या समलैंगिक पुरुषांच्या ओळखी जुळवणाऱ्या ॲपवरची वापरकर्त्यांची एचआयव्ही स्थिती आणि शेवटच्या तपासणीची तारीख बाहेरच्या दोन कंपन्यांकडे जात होती, हे २०१८ मध्ये उघड झालं. २०१९ मध्ये सिंगापूरच्या सरकारी नोंदीतून एचआयव्हीसह जगणाऱ्या १४,२०० लोकांची माहिती बाहेर पडली. खरं नाव, फोनबुक किंवा ठिकाण मागणारं ॲप मी कुणालाच सुचवत नाही. खातं आणि नोंदी स्वतः पूर्ण पुसता येतात का, तेही आधी करून पाहा.

दर तीन महिन्यांची तपासणी, मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी क्रिएटिनिनची तपासणी आणि गोळ्या संपायच्या आधीची आठवण यांत मात्र साधा गजरही चांगलं काम करतो, कारण तारखा खरोखरच विसरल्या जातात. दोन महिन्यांनी घ्यायचं कॅबोटेग्राविर आणि सहा महिन्यांनी घ्यायचं लेनाकापाविर ही इंजेक्शनं घेणाऱ्यांना तर रोजच्या खुणांची गरजच नाही, त्यांना पुढची तारीख आणि ती हुकली तर कुणाला फोन करायचा एवढंच हवं.

तेव्हा सगळ्यांना एकच ॲप लावू नका. ज्याला हवं त्याला द्या. ज्याला नको त्याला ठरलेल्या वारी "कसं चाललंय?" एवढाच निरोप जाऊ द्या, तोही त्याला चालेल त्या नंबरवरून. आणि त्याआधी तुमच्यातले दोघंतिघं ठरवा, "बरं नाही" असं उत्तर आलं तर त्याच दिवशी फोन कोण करणार. मी चार वर्षं हे काम करतोय. ज्यांना असा फोन वेळेवर गेला त्यांतले बरेच जण आजही गोळ्या घेत आहेत, आणि ज्यांचा निरोप दोन दिवस कुणी पाहिला नाही त्यांच्याशी माझा संपर्क पुन्हा झालाच नाही.