त्रास नाही, मग दुर्बीण कशाला?

प्रश्न : वडिलांना ४८व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. मी ३८चा, यावलकडे केळीची शेती. मला काहीच त्रास नाही. तरी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करू?

उत्तर : करा भाऊ, आत्ताच. घरात असा इतिहास असला की चाळिसाव्या वर्षी, किंवा वडिलांच्या निदानाच्या वयाआधी १० वर्षं, जे आधी येईल तेव्हा करतात. तुमचं वर्ष हेच. आतड्याच्या अस्तरावर आधी पॉलिप, म्हणजे छोटा कोंब, येतो. दुखत नाही, कळतही नाही. त्यातल्या अॅडिनोमा या प्रकाराचा कॅन्सर व्हायला बहुधा १०एक वर्षं जातात. पॉलिप दिसला, की तारेच्या फासात धरून तिथेच काढतात.

खरी कटकट आतडं साफ करायला आदल्या रात्री घ्यायच्या जुलाबाच्या औषधाची. आणि तीन दिवस भरीत बंद! वांग्याच्या बिया आत राहिल्या की भिंत नीट दिसत नाही. माझा एक पेशंट लग्नातलं भरीत हाणून आला होता. सगळं पुन्हा करावं लागलं.