प्रोबेटचा दावा गैरहजेरीत डिसमिस झाला, आता काय?

प्रश्न : माझे माहेर खानापूर तालुक्यातले, सासर कोल्हापूर. वडिलांनी मराठीत मृत्युपत्र नोंदवून मला एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी) नेमले. बेळगावच्या कोर्टात प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याचा, अर्ज केला, भावाने हरकत घेतली. सासूबाई दवाखान्यात असताना माझ्या तारखा चुकल्या आणि २० दिवसांपूर्वी दावा डिसमिस झाला. हुकूम कन्नडमध्ये आहे. भाऊ म्हणतो, मृत्युपत्र खोटे ठरले, आता हक्कसोड करून दे. काय करू?

उत्तर : ताई, तुम्ही पाठवलेला हुकूम वाचला. जेमतेम तीन ओळींचा आहे. पुकारा करूनही अर्जदार व तिचे वकील गैरहजर, प्रतिवादी हजर, सबब दावा काढून टाकला, एवढेच त्यात आहे. मृत्युपत्र खरे की खोटे याबद्दल न्यायाधीशांनी अक्षरही लिहिलेले नाही. भाऊ सांगतात ते साफ चूक आहे. घाबरून कुठेही सही करू नका.

हरकत आली की भारतीय वारसा कायद्याच्या कलम २९५ प्रमाणे प्रोबेटचा अर्ज दाव्यासारखा चालतो. त्यामुळे दिवाणी प्रक्रिया संहितेतला गैरहजेरीचा नियम, आदेश ९ नियम ८, तुम्हाला लागला. त्याच आदेशाच्या नियम ९ खाली दावा पुन्हा बोर्डावर घ्यायचा अर्ज करता येतो. मुदत डिसमिस झाल्यापासून ३० दिवस, त्यातले २० गेले. उद्याच्या उद्या वकिलांना गाठा. प्रतिज्ञापत्राला सासूबाईंचे डिस्चार्ज कार्ड आणि दवाखान्याची बिले जोडा. चुकलेल्या तारखा आणि दवाखान्यातले दिवस जुळतात का, हे कोर्ट बारकाईने बघते. भावाला खर्च द्या असा हुकूम झाला तर कुरकुर न करता भरा. मुदत उलटलीच तर विलंबमाफीचा अर्ज सोबत लागेल, आणि अर्ज फेटाळला तर अपील आहे. गैरहजेरीत डिसमिस झाल्यावरही प्रोबेटचा नवा अर्ज चालतो, असे उच्च न्यायालयांचे निकाल आहेत. पण त्या भरवशावर हे दहा दिवस घालवू नका.

भाऊ पुढे कदाचित म्हणतील, दावा मागे घे, घरातच मिटवू. खरेच मिटत असेल तर जरूर मिटवा. भावंडांनी तारखांवर आयुष्य काढावे असे मला मुळीच वाटत नाही. मात्र नव्याने दावा लावायची परवानगी कोर्टाकडून न घेता साधा मेमो (छोटा लेखी अर्ज) देऊन दावा मागे घेतला, तर संहितेचा आदेश २३ नियम १ आडवा येऊ शकतो, म्हणजे तोच दावा पुन्हा लावणे अडू शकते. आधी वाटणीपत्र नोंदवून घ्या, मग मेमोवर सही.

हक्कसोड पत्र तर आत्ता नकोच. मृत्युपत्र बाजूला राहिले तरी मुलगी म्हणून तुमचा वाटा आहेच, या सहीने तोही जाईल. शिवाय बेळगाव भागात हिंदू माणसाच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचे नाही. उद्या भावाने वाटणीचा दावा लावला तर तिथेही हेच मृत्युपत्र पुढे करता येते. दरम्यान वारसाने उताऱ्यावर नाव लावायची खटपट सुरू झाली, तर तहसीलदारांकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.

दावा उभा राहिला की पहिले काम साक्षीदारांचे. नोंदणी झाली म्हणून मृत्युपत्र आपोआप शाबीत होत नाही. त्यावर साक्षीदार म्हणून सही केलेल्यांपैकी, हयात असल्यास, निदान एकाने कोर्टात सांगावे लागते. ते वयस्कर असतील तर त्यांची साक्ष आधी घ्यावी असा अर्ज द्या, अंथरुणावर असतील तर कमिशन (साक्ष नोंदवायला कोर्टाने पाठवलेली व्यक्ती) नेमून घरी साक्ष नोंदवता येते.