साखळीतली कॉफी आणि कोपऱ्यावरचं हॉटेल

स्टारबक्स या अमेरिकी कॉफी-साखळीवर या महिन्यात वाचकांचे इतके प्रश्न आले की जीएसटी आणि दुकानाच्या भाड्याचे प्रश्न पुढच्या खेपेला ठेवले आहेत.

म्हापशाहून एक गृहस्थ विचारतात: धाकट्याला आमच्या गाळ्यात कॅफे काढायचा आहे. कॉफी अडीचशेला विकणार म्हणतो. शुक्रवारच्या बाजाराला येणारा माणूस चहाच्या पैशांचासुद्धा विचार करतो. स्टारबक्सला जमतं ते आम्हाला जमेल?

तुम्ही चहाचा भाव सांगताय आणि चिरंजीव खुर्चीचा. तिथे घोटाळा होतोय.

परवा पणजीत एका भाजीपावाच्या हॉटेलात मुद्दाम घड्याळ लावून बसलो. समोरच्या माणसाने मिक्स भाजी, दोन पाव आणि चहा अकरा मिनिटांत संपवला. तो उठायच्या आत पुढचा माणूस त्याच्या खुर्चीमागे येऊन उभा. दुपारी एका मोठ्या कॉफी साखळीच्या दुकानात गेलो. कोपऱ्यात एक मुलगा लॅपटॉप उघडून बसला होता. मी निघालो तेव्हा दोन तास झाले होते, पेला एकच, तोही अर्धा. त्याने अडीचशे रुपये मोजले ते थंड हवेचे, वायफायचे आणि 'आणखी काय हवं?' असं कुणी न विचारण्याचे. घर आणि कामाची जागा सोडून माणसाला तिसरी जागा लागते, ही रे ओल्डेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाची कल्पना. स्टारबक्सने ती उचलली आणि तिचाच धंदा केला.

आता चिरंजीवांना कागद-पेन्सिल द्या. खुर्च्या वीस. एका खुर्चीवर दिवसाला तीन गिऱ्हाइकं धरली तर साठ कप, म्हणजे गल्ल्यात 15,000 रुपये. त्यातून दूध, वीज, पगार, मशीनचा हप्ता. गाळा स्वतःचा असला तरी भाडं धरायचंच, नाहीतर हिशेब खोटा. हेच गणित जुलैतल्या धो धो पावसातल्या मंगळवारी मांडायला सांगा. त्या दिवशीही जुळलं तर काढू दे कॅफे.

आणखी एक सांगतो. स्टारबक्सच्या फळ्यावरच्या एका मापाचं नाव 'टॉल', म्हणजे उंच. त्याच्या वर ग्रांदे आणि व्हेंटी आहेत, त्यामुळे हा 'उंच' कप प्रत्यक्षात लहानांत मोडतो. साधारण 355 मिलीलिटर. लहान घेतोय असं गिऱ्हाइकाला वाटतच नाही. भारतात मात्र हात आखडता घ्यावा लागला. 2023 मध्ये त्याच्या निम्म्या मापाचा 'पिक्को' आणला, 185 रुपयांपासून, आणि जोडीला मसाला चहा. तुमचा म्हापशाचा अंदाज त्यांनाही मान्य करावा लागला म्हणायचा!

पणजीची बी.कॉम.ची विद्यार्थिनी: फारशा जाहिराती न करता ही कंपनी एवढी वाढली कशी? फ्रँचायझी देऊन?

भारतात तरी नाही. इथे टाटांबरोबर निम्मी-निम्मी भागीदारी आहे. पहिलं दुकान ऑक्टोबर 2012 मध्ये मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला उघडलं. बिया टाटांच्याच.

सुरुवात 1971 ची, सिएटलमधली, आणि तेव्हा दुकानात कॉफीच्या भाजलेल्या बिया मिळायच्या. हॉवर्ड शुल्ट्झ तिथे नोकरीला होते. 1983 मध्ये ते इटलीतल्या मिलानला गेले, तिथले एस्प्रेसो कॉफीचे बार पाहून आले, तसं दुकान मालकांना पटेना म्हणून स्वतःचं दुकान काढलं आणि 1987 मध्ये 38 लाख डॉलरला स्टारबक्सच विकत घेतली. जाहिरात कमी, कारण दुकान हीच जाहिरात. आपला पाव विकणारा पोदेर कसा, एका वाड्यावरची सगळी घरं घेतो आणि मगच पुढच्या वाड्याकडे सायकल वळवतो. हेही तसेच. एकाच भागात जवळजवळ दुकानं काढायची. एक दुकान दुसऱ्याचं गिऱ्हाईक थोडं खातं, पण रांग लहान होते, माल पोचवणं स्वस्त पडतं आणि प्रतिस्पर्ध्याला कोपरा उरत नाही.

मडगावचे कॅफेमालक: स्टारबक्ससारखं गिऱ्हाइकांसाठी कार्ड काढू का?

दहा कपांवर एक फुकट, असं शिक्क्याचं कार्ड काढा, आजच काढा. पण त्यांच्या कार्डाची खरी गंमत वेगळी आहे. आपल्याकडे गिऱ्हाईक वहीत उधारी मांडतं. तिथे गिऱ्हाईकच आधी पैसे भरून ठेवतं, म्हणजे दुकानाला बिनव्याजी उधार देतं. जगभरातल्या अशा न वापरलेल्या शिलकेचा आकडा एक अब्ज डॉलरच्या वर जातो, आणि त्यातले काही पैसे कुणी कधी वापरतच नाही. एका दुकानाने हे करू नये. आगाऊ पैसे घेतले की मनात ते कमाईसारखे वाटू लागतात, आणि पावसाळ्यात सगळे एकदम वसूल करायला येतात.

फोंड्याहून एक बाई: आमचं भाजीपावाचं हॉटेल सासऱ्यांपासूनचं. अशी साखळी शेजारी आली तर आम्ही बुडणार का?

सकाळी सात ते दहा तर नाहीच. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण बघा. तिथे इटालियन आणि ग्रीक स्थलांतरितांनी गल्लोगल्ली चांगली कॉफी आधीच रुजवली होती. स्टारबक्स 2000 मध्ये तिथे गेली, भराभर दुकानं काढली, आणि 2008 मध्ये 84 पैकी 61 बंद केली. लोकांना आधीच मिळत होतं तेच जास्त गोड आणि जास्त महाग करून विकायला गेले होते. मिलानला तर ते थेट 2018 मध्ये गेले.

त्याच 2008 मध्ये अमेरिकेतली सुमारे 600 दुकानंही मिटवायचं ठरलं. दुसऱ्यांदा सूत्रं हाती घेतलेल्या शुल्ट्झनी एका संध्याकाळी तिथली 7,100 दुकानं बंद ठेवून कर्मचाऱ्यांना एस्प्रेसो नीट काढायला शिकवलं. गरम सँडविचमधलं चीज जळतं, त्या वासात कॉफीचा वास मरतो, म्हणून ती सँडविचं काढून टाकायचं ठरवलं. तुमच्याही दारात कांदा आणि ओल्या खोबऱ्याचा वास आधी येऊ दे, फिनेलचा नको. धोका असलाच तर संध्याकाळी आहे, कारण तेव्हा कॉलेजच्या पोरांना बसायला जागा हवी असते. दुपारी तीननंतर तुमची मागची खोली रिकामी असते ना? पंखा दुरुस्त करा, दोन प्लग बसवा आणि पोरांना उठवू नका.

साखळी गावचे वाचक (साखळीकरांनी साखळीवर विचारावं, हेही खरंच): पेल्यावर नाव मुद्दाम चुकीचं लिहितात का?

कंपनीने तसं कधी कबूल केलेलं नाही. गोंगाटात ऐकू न येणं हे कारण पुरेसं आहे. पण चुकलेल्या नावाचा फोटो लोक आपणहून टाकतात आणि फोटोत बोधचिन्ह दिसतंच, तर सुधारायची घाई कशाला? माझ्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात नाव विचारत नाहीत. मी छत्री मिटेपर्यंत आत आरोळी गेलेली असते: "एक पातळ भाजी, तिखट कमी!"