वाचक विचारतात : सोसायटीतील घोरपड

प्रश्न : आमची सोसायटी वेताळ टेकडीच्या पायथ्याशी आहे. पाऊस सुरू झाल्यापासून आवारात चारेक फूट लांबीची घोरपड दिसते. तिच्या चाव्याने माणूस दगावतो, असे रखवालदार सांगतात. तिला पकडून न्यायला लावावे काय? तानाजींच्या कथेतील घोरपड हीच काय?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपण पाहिलेली बंगाली घोरपड असावी. शेपटीसह ती पावणेदोन मीटरपर्यंत वाढते. तिच्या चाव्याने माणूस दगावतो, हा समज निराधार आहे. कोंडीत सापडल्यास ती अंग फुगवून फुत्कारते, शेपटीचा फटका मारते आणि अगदीच नाइलाज झाला तर चावते. ती जखम चिघळू शकते, म्हणून डॉक्टरांना अवश्य दाखवावी.

तिला दुरून निरखावे. सापासारखी दुभंगलेली जीभ सतत आत-बाहेर करून ती हवेतील गंधकण टाळूतील जेकबसन इंद्रियापर्यंत पोहोचवते आणि त्यावरून पालापाचोळ्याखालचे भुंगे, अळ्या, गोगलगायी, अंडी, उंदीर हुडकून काढते. बहुतेक सरड्यांना वेगाने पळताना पुरेसा श्वास घेता येत नाही, कारण पळण्याचे आणि श्वासाचे स्नायू एकच असतात. घोरपडीच्या कुळाने मात्र गळ्याच्या भात्याने हवा फुप्फुसांत ढकलण्याची युक्ती साधली आहे. थोडे पळून ती थांबली की गळ्याची ही हालचाल स्पष्ट दिसते.

१६७० मध्ये सिंहगडावर चढवलेली यशवंती ही लोककथा आहे. तिला आधार एवढाच, की कपारीत शिरून अंग फुगवलेली घोरपड ओढून काढणे खरोखरच कठीण असते.

पावसाळ्यात मादी जमिनीत खड्डा उकरून सुमारे वीस अंडी घालते, नाकाडाने माती दाबून तो बुजवते आणि पिल्ले बाहेर यायला साधारण सहा ते आठ महिने लागतात. त्यामुळे आवारातील मोकळी माती या काळात खणू नये, ही आग्रहाची विनंती.

तिला हलवण्याची गरज नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश असल्याने तिला पकडणे वा मारणे गुन्हा आहे. ती जखमी किंवा अडकलेली दिसल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पूजेसाठी वनस्पतीचे मूळ म्हणून विकली जाणारी ‘हत्था जोडी’ ही वस्तुतः नर घोरपडीची वाळवलेली जननेंद्रिये असतात, हेही शेजाऱ्यांना आवर्जून सांगावे.