पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरच्या टाकीतले मीठ कमीच होत नाही आणि पाणी पुन्हा जड येते; काय करावे?

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवर बोअरवेलचे आणि टँकरचे पाणी वापरणाऱ्या घरात, तेही पावसाळ्यात, अशी तक्रार असेल तर पहिला संशय टाकीत जमलेल्या मिठाच्या पापुद्र्यावर घ्यावा. दमट हवेने वरचा थर दगडासारखा घट्ट होतो, त्याखाली पोकळी राहते, आणि पाणी मिठाला लागतच नसल्यामुळे मिठाचे द्रावण तयार होत नाही. झाडूच्या दांड्याने मधोमध हलकेच टोचावे. दांडा आधी अडून मग एकदम खाली गेला, तर पापुद्राच आहे. कडेला ठोकू नये, तिथे द्रावणाची नळी आणि फ्लोट असतो. ढेपा फोडल्यावर काही तास थांबून हाताने रीजनरेशन (मिठाच्या द्रावणाने सॉफ्टनर पुन्हा ताजा करण्याची फेरी) चालू करावे.

पापुद्रा नसूनही टाकीत नेहमीपेक्षा जास्त पाणी साचत असेल, तर बहुधा द्रावण ओढणारा इंजेक्टर बोअरच्या बारीक गाळाने तुंबलेला असतो किंवा ड्रेनची नळी दुमडलेली असते. बायपास करून (पाणी सॉफ्टनर टाळून सरळ जाईल असे करून), दाब सोडून इंजेक्टर कोमट पाण्यात धुवावा; टाचणीने कोरल्यास छिद्र मोठे होऊन तो निकामी होतो. स्वयंपाकाचे बारीक मीठ मात्र टाकू नये, कारण त्याचा तळाशी चिखल होतो. सॉफ्टनरसाठी मिळणाऱ्या गोळ्याच वापराव्यात आणि पावसाळ्यात टाकी अर्धीच भरावी.