ग्राफ काढता येतो, वाचता येत नाही

प्रश्न : मुलगी दहावीला आहे, ग्राफ पेपरवर बिंदू अगदी नीट मांडते पण रेषा काय सांगते विचारलं की गप्प. क्लासवाले म्हणतात प्रॅक्टिस करा. काय करू?
– एक आई, ऐरोली

उत्तर : ताई, नुसत्या प्रॅक्टिसने हात बसतो, डोकं नाही! तिला ठाणे-वाशी लोकलचा ग्राफ काढायला लावा, आडव्या अक्षावर मिनिटं, उभ्यावर ठाण्यापासूनचं अंतर, आणि मग विचारा की घणसोलीला गाडी थांबली तेव्हा रेषा कशी दिसेल. बरीच मुलं रेषा खाली आणतात किंवा तोडतात. पण वेळ पुढे जातोय, अंतर तेवढंच, म्हणजे रेषा आडवी. चढ जास्त तिथे वेग जास्त, हे मग आपोआप कळतं.

समीकरणांचंही तेच. x + y = 5 आणि x – y = 1 या रेषा (3, 2) ला छेदतात, तर 3 आणि 2 दोन्हीकडे घालून बघायला सांगा, उकल म्हणजे काय ते तिथेच समजतं. रेषेला दोन बिंदू पुरतात, तरी तिसरा घ्यायचाच, चूक लगेच पकडली जाते. आणि प्रमाण आधी लिहायचं, पेन्सिल टोकदार हवी, बोथट पेन्सिलीने छेदनबिंदू सरकतो हो!