एकच रॉड घ्यायचा, तर कोणता?

प्रश्न : हतनूर धरणाच्या पाण्यात आजवर बांबूच्या काठीनेच गळ टाकला. आता रॉड आणि रील घ्यायचे आहे. रोहू, मृगळ, सायप्रिनस लागतात, कधी मरळही. दुकानदार बारा फुटी, एकात एक सरकणारा रॉड आणि 6000 नंबरची (आकाराची) रील सुचवतो. एका सेटवर सगळे भागेल का? (एक वाचक, यावल)

उत्तर : बारा आणे भागेल. मरळ मात्र वगळा. ती गळ लागला की थेट शेवाळात घुसते. तिला ओढून काढायला आखूड, ताठ रॉड आणि जाड विणीव दोरा लागतो.

बाकीच्यांसाठी 9 फुटी, दोन तुकड्यांचा, 15 ते 40 ग्रॅम वजन फेकणारा रॉड घ्या. हा आकडा मुठीच्या वर छापलेला असतो. 20-25 ग्रॅमचे शिसे लावून तळातला मृगळ आणि सायप्रिनस यावर आरामात होतो. तरंगा लावून मधल्या पाण्यातला रोहूही होतो, फक्त हलका तरंगा लांब जाणार नाही. सरकत्या रॉडच्या सांध्यांत नदीची रेती गेली की ते अडकतात. शिवाय त्याच्या कड्या (ज्यांतून दोरा जातो) कमी असतात, त्यामुळे बाक एकसारखा येत नाही.

दुकानातच रॉड जोडून बुडाकडून टोकाकडे बघा, सगळ्या कड्या एका रेषेत हव्यात. मग प्रत्येक कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. कापूस अडकला तर कडीला चीर आहे, आणि ती चीर तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, कापते.

रील 4000 नंबरची पुरे. 6000 ची जड असते, दिवसभरात मनगट भरून येते. तंगूस 0.30 मिलिमीटरचा भरा, स्पूलच्या (दोरा गुंडाळला जातो त्या चकरीच्या) कडेपासून 2 मिलिमीटर खाली. काठोकाठ भरला तर वेटोळी एकदम सुटतात, कमी भरला तर फेक आखूड पडते.

ड्रॅग, म्हणजे मासा जोराने ओढू लागला की स्पूलला फिरू देणारी रीलची पकड, अंदाजाने आवळू नका. तंगूस 6 किलो ताण सोसणारा असेल, तर टोक वजनकाट्याला बांधा, रॉड वाकवून ओढा आणि दीड ते दोन किलोवर स्पूल फिरू लागेल एवढाच ठेवा.

प्रश्न : नवा तंगूस दोनच दिवसांत पिळून गुंता होतो. माल खराब की रील? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : बहुधा दोन्ही नाही. मासा ड्रॅगवर दोरा नेत असताना हँडल फिरवले की दोरा आत येत नाही, नुसता पीळ चढतो. मासा पळत असेल तेव्हा हात थांबवा. भरतानाही दहा वेढे घेऊन दोरा सैल सोडून बघा. लगेच पिळला तर दुकानाचे रीळ उलटे ठेवून भरा. फेकल्यावर बेल (स्पूलवरची तारेची कमान) हाताने मिटा, हँडलने नव्हे.

आपल्याकडच्या मे महिन्यात रील बंद गाडीत ठेवू नका, आतले ग्रीस पातळ होऊन ड्रॅगच्या चकत्यांवर उतरते. घरी आल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा.